हप्ते वेळेवर जातायत पण कर्ज हलतच नाही असं वाटतंय, उमेद कशी टिकवायची?

सातपूरकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या घरावर सगळं मिळून साडेसव्वीस लाखांच्या आसपास कर्ज आहे. आजपर्यंत एकही हप्ता बाउन्स झालेला नाही, त्यामुळे कुणी दारात येऊन उभं राहील अशी परिस्थिती नाही, पण आता आतून थकायला झालंय आणि मिस्टर तर माझ्याहून जास्त थकलेत, म्हणून विचारतेय.

आधी हिशोब सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. फ्लॅटचं लोन एका हाऊसिंग फायनान्स कंपनीचं, २२ लाख, २० वर्षांसाठी, हप्ता १९,४४२. चार वर्षं झाली. सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा ५ लाखांचं पर्सनल लोन काढलं, १४ टक्क्यांनी, त्याचा हप्ता ११,६३४ आणि अजून ३ लाख ८५ हजार बाकी आहेत. पतसंस्थेचे ६२ हजार राहिलेत, तिथे महिना ५,०००. हॉस्पिटलचं डिपॉझिट आणि नंतरची औषधं क्रेडिट कार्डावर गेली ते ७८ हजार, त्याचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरतोय, ३,९०० येतं. आणि माझ्या पाटल्या आणि गंठण सोनेतारणाला आहे, १ लाख २० हजार, वर्षाचं व्याज भरून रिन्यू करतो. मिस्टर सातपूर एमआयडीसीत आहेत, हातात ५२ हजार येतात, मी एका बालवाडीत आहे, मला १८ हजार.

म्हणजे ७० मधले ४० हप्त्यातच जातात. पगाराचा मेसेज येतो आणि ५ तारखेला सकाळी एकामागून एक पैसे कट झाल्याचे मेसेज येतात, मिस्टर आता ५ तारखेला फोन उलटा ठेवून देतात टेबलावर. परवा मी गृहकर्जाचं स्टेटमेंट काढलं तर चार वर्षांत ९ लाख ३३ हजार भरलेत आणि मुद्दल २ लाखसुद्धा उतरलेलं नाही. ते बघितल्यापासून मला रात्री झोप नाही. मिस्टरांना मी तो कागद अजून दाखवलेला नाही. ते ओव्हरटाइम करतात, रविवारीसुद्धा जातात, आणि हल्ली म्हणायला लागलेत की कशासाठी करायचं, आयुष्य यातच जाणार.

पैसे कुठे वाचवायचे ते आम्हाला कळतं, बाहेरचं खाणं बंद आहे, मुलाची व्हॅन बंद करून मीच सोडते. मला विचारायचंय ते हे की तुमच्यापैकी जे अशा लांबच्या कर्जातून गेलेत त्यांनी मधली वर्षं कशी काढली? सुरुवातीला जोर असतो, शेवट दिसायला लागला की पण असेल, मधल्या काळात काय करायचं?

माजी_कॅशियर:
ताई, आधी झोपेचं बघू. तो स्टेटमेंटचा आकडा बघून घाबरू नका, त्यात कुणी तुम्हाला फसवलेलं नाही, हप्त्याचं गणितच तसं असतं. दर मध्ये वर-खाली झाला असेल पण मी सरळ ८.७५ टक्के धरून मांडतो. पहिल्या महिन्याच्या १९,४४२ मध्ये व्याज होतं १६,०४२ आणि मुद्दलात गेले फक्त ३,४००. आज चार वर्षांनी त्याच हप्त्यात व्याज १४,६२३ आहे आणि मुद्दलात ४,८१९ जातायत. म्हणजे तोच हप्ता, पण तुमचं काम आता जवळपास दीडपट जोरात होतंय आणि व्याजदर वाढला नाही तर हा आकडा दर महिन्याला थोडा थोडा वाढतच जाणार, उलटा फिरणार नाही. मी ३१ वर्षं बँकेत काउंटरच्या या बाजूला होतो, लोक नेहमी बाकी किती ते विचारायचे, या महिन्यात मुद्दल किती उतरलं हे विचारणारा क्वचित भेटायचा. तुम्ही हा दुसरा आकडा बघायला लागा. तो कागद मिस्टरांना जरूर दाखवा पण ही दोन ओळींची तुलना सोबत ठेवून दाखवा.

आता दुसरं. तुमचं गृहकर्ज आजही ८.७५ ने चाललंय का ते नक्की तपासा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून ५.२५ वर आणला. बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, तिथे ही घट आपोआप येते. हाऊसिंग फायनान्स कंपनीत तसं बंधन नाही, तिथे जाऊन मागावं लागतं, दर बदलायची थोडी कन्व्हर्जन फी घेतात आणि दर कमी करून देतात. समजा एक टक्का उतरला आणि तुम्ही हप्ता आहे तेवढाच ठेवला तर १९२ राहिलेल्या हप्त्यांचे साधारण १७० होतात, म्हणजे पावणेदोन वर्षं गेली. त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करता येतं, फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. नवीन बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणजे गहाणाची सरकारी नोंद, हा खर्च मात्र आधी बेरीज करून बघा. एक गोष्ट लक्षात ठेवा, दर कमी झाला की समोरचा माणूस विचारेल हप्ता कमी करू का, तुम्ही सांगा हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा, आणि तसं लेखी घ्या.

आणि कार्डाचं बघा, मला तुमच्या यादीत सगळ्यात जास्त ते खुपलं. महिना साडेतीन टक्के धरले तर ७८ हजारांवर २,७३० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ३,२२१. तुम्ही भरताय ३,९००. म्हणजे मुद्दलात पावणेसातशे रुपये. फ्लॅटचं कर्ज कितीही मोठं दिसलं तरी ते शहाणं कर्ज आहे, खरी गळती इथे आहे.

यंत्रमाग_इचलकरंजी:
माजी कॅशियर साहेबांनी गणित सांगितलं, मी मनाचं सांगतो कारण आमच्यावर पण आलं होतं, घराचं बांधकाम आणि पोरीचं लग्न एकाच टायमाला आलं आणि त्याच वर्षी मागाचा धंदा बसला, सात-आठ वर्षं लागली निघायला.

वहिनी, मधल्या काळात मला टिकवलं ते पिग्मीनं. आमच्याकडं पिग्मीवाला रोज रात्री साडेआठला यायचा, कापडात गुंडाळलेलं ते छोटं मशीन काढायचा, शंभर रुपये घेतले की टर्र करून पावती. त्या पावतीवर आजची जमा आणि एकूण जमा असं दोन्ही असतं. कर्जाचा आकडा महिन्यातून एकदा हलतो आणि तो पण दिसत नाही इतका हलतो, पण पिग्मीचा आकडा रोज वाढायचा आणि रोज हातात कागद यायचा. तीन महिन्यांनी नऊ हजार झाले की ते काढून थेट पतसंस्थेच्या कर्जात भरायचो. हप्ता तर चालूच, हे वरचं. व्याज म्हणून पिग्मीला काही मिळत नाही फारसं, मुदतीआधी काढली तर त्याहून कमी, ते मला माहिती होतं, पण मी ती व्याजासाठी करतच नव्हतो, रोज संध्याकाळी आज पण आपण काहीतरी फेडलं हे वाटण्यासाठी करत होतो. मिस्टर ओव्हरटाइम करतात म्हणालात ना, तर ओव्हरटाइमचा पैसा घरखर्चात मिसळू देऊ नका. तो वेगळा काढा आणि कुठल्यातरी एका कर्जात त्यांच्या हातानं भरायला लावा. रविवारी कामावर जाऊन आलेला माणूस सोमवारी स्वतः खिडकीवर पावती घेतो तेव्हा त्याला कळतं आपण कशासाठी गेलो होतो. ऑनलाइन कट झालेल्या पैशात ते सुख नाही.

पतसंस्थेचं पहिलं संपवा असं माझं मत. तिथं जामीनदार आहेत ना? त्यांचं ओझं डोक्यावरून उतरलं की माणूस निम्मा हलका होतो. आमच्यात एकाचं थकलं तर १०१ चा दाखला, म्हणजे सहकार कायद्यातला वसुलीचा दाखला, निघाला आणि जामीनदाराच्या पगारातून वसुली सुरू झाली, दोन घरं कायमची तुटली.

कोथरूडकर:
वरच्या दादांच्या भावना समजू शकतो पण आकड्यांनी बघितलं तर पतसंस्था १३ टक्के धरली तरी कार्ड वर्षाला ४२ टक्के अधिक जीएसटी, आधी कार्डच जायला पाहिजे, यात दुमत नसावं. आणि त्यासाठी मार्ग तुमच्याच घरात आहे. सोनं तारण ठेवलं तेव्हाचा भाव आणि आजचा भाव यात बराच फरक पडला असेल, त्याच दागिन्यांवर अजून ८० हजार मिळू शकतील. साधारण १० टक्के दर धरला तर ७८ हजारांवर महिन्याचं व्याज होतं ६५० रुपये. आता जे ३,९०० कार्डात टाकताय तेच दर महिन्याला सोनेतारणात भरा, हे वाढीव ७८ हजार २२ महिन्यांत संपतात. कार्डात दर महिन्याला ३,९०० कायम ठेवूनसुद्धा साधारण ४३ महिने लागतात, आणि मिनिमम ड्यू तर दर महिन्याला कमी होत जातं त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. अट एकच, कार्ड त्याच दिवशी बंद करायचं, मोबाईलमधून पण काढायचं.

आणखी एक, मधल्या वर्षांत उमेद जाते त्याचं मोठं कारण असं की एवढ्या कष्टाने दहा हजार उतरवतो आणि एका आजारपणात चाळीस हजारांचं नवीन कर्ज होतं. त्यामुळे जादा भरायच्या आधी ३०-४० हजार बाजूला हवेतच, ते एफडीत टाका पण हात लावू नका. सासऱ्यांचं वय काय? ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या, ऑक्टोबर २०२४ पासून ७० वरच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आधारवर होतं. हॉस्पिटल यादीत आहे का ते आधीच बघून ठेवायचं, धावपळीच्या वेळी नाही.

लातूरची_बाई:
कोथरूडकर, तुमचं गणित बरोबर असेल पण बाईचं गंठण आधीच तारणात आहे आणि त्यावर अजून कर्ज वाढवा हे सांगणं सोपं आहे. उद्या सोन्याचा भाव खाली आला किंवा वेळेवर भरता आलं नाही तर लिलावाची नोटीस येऊ शकते, ती नोटीस वाचून घरात काय होतं ते मी माझ्या जावेच्या घरी बघितलंय. करायचंच असेल तर ताई, तुम्ही दोघांनी बसून ठरवा, एकट्या मिस्टरांनी किंवा एकट्या तुम्ही नाही.

आणि मला खरं त्यावरच बोलायचंय. तुम्ही लिहिलंय की कागद अजून त्यांना दाखवलेला नाही. ते फोन उलटा ठेवतात आणि तुम्ही कागद लपवता, दोघं एकाच घरात एकच ओझं वेगवेगळं उचलताय. आमच्याकडे विहीर आणि पाइपलाइनचं कर्ज होतं, शिवाय घरगुती उसनवारी, सातबाऱ्यावर बोजा. आम्ही महिन्यातून एक संध्याकाळ ठरवली होती, पोरं झोपली की वही काढायची. आधी काय उतरलं ते वाचायचं, मग काय राहिलं ते. उलट क्रमाने केलं तर पहिल्या पाच मिनिटांत भांडण व्हायचं, मग हाच क्रम कायम ठेवला. अर्धा तास झाला की वही बंद, मग महिनाभर जेवताना, झोपताना कर्ज हा विषय काढायचा नाही असा नियमच होता. आधी आमचं रोज प्रत्येक वाक्य फिरून कर्जावरच यायचं, भाजी महाग झाली तरी कर्ज, पोराला ताप आला तरी कर्ज. विषयाला एक दिवस ठरवून दिला तेव्हा बाकीचे दिवस सुटले.

मुलगा किती मोठा आहे? समजण्याइतका असेल तर त्याला सांगा, आकडा नका सांगू पण घर आपलं करायचं चाललंय एवढं सांगा. मुलं आईबापाच्या तोंडाकडे बघून स्वतःच काहीतरी भलतंच समजून बसतात.

आणि सणाला काहीतरी ठेवा. सगळंच बंद केलं की एक दिवस कुणीतरी वैतागून दहा हजारांची वस्तू घेऊन येतं. महिना पाचशे रुपये असे ठेवा की ज्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही.

सातपूरकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिस्टरांना स्टेटमेंट दाखवलं, माजी कॅशियर काकांनी सांगितलं तसं ३,४०० आणि ४,८१९ हे दोन आकडे वर लिहून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि विचारायला लागले की महिना दोन हजार जास्त भरले तर किती फरक पडेल. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी स्वतःहून या विषयावर प्रश्न विचारला. काका, याचं उत्तर तुम्ही सांगाल का?

सोन्याचं आम्ही दोघांनी ठरवलं, कार्डापुरतंच वाढवायचं, ७८ हजारच, एक रुपया वर घ्यायचा नाही. मला माझ्या गंठणाची काळजी आहेच पण ते आत्तासुद्धा तिथेच आहे आणि दर वर्षी नुसतं व्याज भरून रिन्यू करत राहिलो तर ते कधीच घरी येणार नाही, महिन्याला ३,९०० मुद्दलात जायला लागले तर निदान यायच्या वाटेवर तरी लागेल. सासरे ७१ चे आहेत, वय वंदनाचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, कार्ड या आठवड्यात काढतो.

एक अडचण राहिलीच. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. पतसंस्थेला जामीन नणंदेचे मिस्टरच आहेत. आहेर कमी केला तर चार लोकांत बोललं जाणार आणि तेही अशा माणसांकडून ज्यांनी आपल्यासाठी सही दिलीय. सासूबाई म्हणतात एक तोळा तरी घालावाच लागेल.

माजी_कॅशियर:
दोन हजारांचं उत्तर, २१,४४२ भरले तर १९२ चे साधारण १५८ हप्ते होतात, ३४ महिने वाचले. आणि एकरकमी म्हणाल तर आज भरलेले १० हजार शेवटचे दोन हप्ते खातात. पण ताई, मिस्टरांना सांगा हे दोन हजार आत्ता गृहकर्जात नकोत. आधी सोनेतारण, पतसंस्था, मग पर्सनल लोन, तोपर्यंत गृहकर्जाला दर कमी करून घेणं एवढंच काम. पर्सनल लोनच्या करारात मुदतपूर्व फेडीबद्दल काय लिहिलंय ते वाचून ठेवा. मिस्टरांना आकडेमोडीत रस आलाय तर हे वाचायचं काम त्यांनाच द्या.

लातूरची_बाई:
आहेराचं सांगते. नणंदेला लग्नाआधीच जाऊन भेटा, दोघांनी जा, फोनवर नको. सरळ सांगा की यंदा सोनं जमणार नाही, पण लग्नाचे चार दिवस आम्ही दोघं पूर्णपणे तुमच्याकडे, हे काम आमच्याकडे द्या, रुखवताचं असो, पाहुण्यांच्या राहण्याचं असो. तुम्ही बालवाडीत आहात, तुमच्या हाताला कला असणारच, रुखवत तुम्ही करा. ज्या माणसाने जामिनाची सही केलीय त्याला तुमचं कर्ज फिटलेलं एका तोळ्यापेक्षा जास्त हवं असतं, कारण त्याची सही त्यात अडकलीय. हे सासूबाईंना पण असंच सांगून बघा. लोक बोलतील तर बोलू द्या, लग्नाच्या चार दिवसांनी ते दुसऱ्या लग्नाबद्दल बोलत असतात.

कोथरूडकर:
लातूरच्या ताईंचं पटलं. सोन्याच्या बाबतीत माझ्या डोक्यात फक्त व्याजदर होता, लिलावाची भीती घरात किती असते ते लक्षात घेतलं नव्हतं. त्यामुळे एक सुचवतो, सोनेतारणाची मुदत संपायची तारीख दोघांच्या मोबाईलमध्ये महिनाभर आधीच्या रिमाइंडरसह टाकून ठेवा आणि मध्ये मध्ये मुद्दल भरायला परवानगी आहे का, त्याला काही चार्ज आहे का, ते वाढीव रक्कम घेण्याआधी विचारा. काही योजनांत वर्षाच्या शेवटीच सगळं भरायचं असतं.

सातपूरकरीण:
विचारते, ही तारीख तर आम्ही कधी लिहूनच ठेवलेली नव्हती, मेसेज आला की जायचो. नणंदेकडे रविवारी जायचं ठरलंय, मिस्टर त्या रविवारी ओव्हरटाइमला जाणार नाहीत. रुखवताची कल्पना मला खूप आवडली, मणी आणि सुपाऱ्यांचं मी करतेच. यंत्रमागवाले भाऊ, पतसंस्थेचं आताच्या हप्त्याने १४ महिन्यांत संपतंय, ओव्हरटाइमचे तिथेच भरायचे असं ठरवलं तर अजून लवकर. मिस्टर म्हणाले ते मी स्वतः जाऊन भरेन. संपल्यावर तिथून काय काय कागद घ्यायचे असतात?

यंत्रमाग_इचलकरंजी:
लई भारी वहिनी. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा, मागून घ्या, सही शिक्क्याचा, तोंडी झालं म्हणाले तर उठू नका. त्याची झेरॉक्स जामीनदाराला स्वतः नेऊन द्या. सह्या केलेले कोरे चेक दिले असतील तर ते परत घ्या. आणि कर्ज देताना शेअर्सची म्हणून रक्कम कापलेली असते, बऱ्याच लोकांना आठवतच नाही, पासबुकात बघा किती आहे, सभासदत्व ठेवायचं नसेल तर ती परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो. तीन-चार महिन्यांनी सिबिल, म्हणजे आपल्या कर्जांच्या परतफेडीचा रिपोर्ट, काढून बघा, वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो. कार्डाचं खातं त्यात क्लोज्ड दिसायला पाहिजे, सेटल्ड, म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीनं मिटवलं असं, दिसलं तर लगेच बँकेत जा.